डोंगरउताराची सायकल व तिचा मागला शॉकअप

तेल्हाऱ्याच्या उत्तरेस सातपुड्याची निळी रांग उभी आहे. आपल्या काळ्या, सपाट मुलखांत सायकल हें मुख्यतः शाळेस व बाजारास जाण्याचें साधन होय. परंतु डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मुलांस उतारावरून सायकल सोडण्याचा मोह व्हावा, यांत नवल नाहीं. याच मोहांतून जगांत एक रीतसर खेळ निर्माण झाला आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत पाइन माउंटन या डोंगरावर १९७६ सालीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जड सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. उतरतांना मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां नव्यानें भरावें लागे. पुढें १९९० सालीं कोलोरॅडोंतील डुरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, व तींत उताराच्या शर्यतीसही स्थान मिळालें.

हल्लीं मागें स्प्रिंग लावलेल्या सायकली आपल्याकडील दुकानांतूनही दिसतात. मुलें हट्ट धरतात व पालक तो पुरवितात. ती स्प्रिंग काय करिते, ती कशी जुळवावी व तिचा बिघाड कसा ओळखावा, हें थोडक्यांत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

बैलगाडीस स्प्रिंग नसते. म्हणून खांचखळग्यांचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या पाठीस पोंचतो. टांग्यास कमानी असतात. त्यामुळें तो सुखकर होतो. तथापि सायकलीची स्प्रिंग केवळ सुखासाठीं आहे, असें समजणें चूक होय. तिचें खरें काम चाक जमिनीस चिकटवून ठेवणें हें आहे. अधांतरीं असलेल्या चाकास कितीही ब्रेक लावला, तरी सायकल थांबत नाहीं कीं वळत नाहीं. उतारावर प्राण अवलंबून असतो तो या चिकटण्यावर.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे: भार दुप्पट, तर स्प्रिंगचें दबणेंही दुप्पट. परंतु स्प्रिंग घेतलेली शक्ति परत देते. म्हणजे दगडावर दबली कीं लगेच उसळते. ही उसळी आवरण्याचें काम शॉकअपांतील तेल करितें. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू ढकलला तर पाणी सहज निघतें. जोरानें ढकलला तर हात अडतो. तसेंच हें तेल बारीक छिद्रांतून जातांना वेगास विरोध करितें व शक्तीची उष्णता होते. म्हणूनच लांब उतारानंतर शॉकअप हातास गरम लागतो.

स्वस्त सायकलींत बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेल नसतें. खोगीर जोरानें दाबून सोडावें. तें एकदम वर उसळून हेलकावे खाऊं लागलें, तर तेल नाहीं किंवा तें निकामी झालें, असें समजावें. अशी सायकल गांवांत चालेल. डोंगरावरून ती सोडूं नये.

खऱ्या उतारसायकलीचें मागचें चाक सुमारें २०० मिलिमीटर वर उचललें जातें. परंतु शॉकअप तितका दबत नाहीं. पहारीप्रमाणें तरफेचा उपयोग केलेला असतो. शॉकअपाची दबण ७५ मिलिमीटर असेल, तर हें प्रमाण सुमारें २.६७ पडतें. जुळवणीची पहिली पायरी म्हणजे स्वाराच्या भारानें होणारी बैठक मोजणें. स्वारानें शिरस्त्राणासह सर्व साज चढवून सपाट जागीं पायट्यांवर उभें राहावें व मित्रानें सायकल धरावी. शॉकअपाच्या दांड्यावरील रबरी कडी सीलापर्यंत सरकवावी, हळूच खालीं उतरावें व कडी किती सरकली तें मोजावें. एकंदर दबणीच्या तीस टक्क्यांच्या आसपास ती असावी. म्हणजे ७५ मिलिमीटरांस सुमारें साडेबावीस.

बैठक अधिक असल्यास वायूच्या शॉकअपांत खास पंपानें हवा भरावी; कमी असल्यास सोडावी. तारेच्या स्प्रिंगचें कडें एकदोन फेरेच आवळावें. तेवढ्यानें भागत नसेल, तर स्प्रिंगच बदलावी. तिच्यावर ४५०×३ असे अंक असतात: पहिला अंक एक इंच दाबण्यास लागणारे पौंड दाखवितो, दुसरा दबणीचे इंच.

नंतर परतीचा वेग. त्यासाठीं असलेलें बटण पूर्ण आवळावें, तेथून उलट फिरवितांना होणारे 'टक् टक्' आवाज मोजावे व मध्यावर आरंभ करावा. उडी घेतल्यावर मागचा भाग लाथ मारून स्वारास पुढें ढकलूं लागला, तर परत फार जलद आहे. ओळीनें दगड लागतांना सायकल उत्तरोत्तर बसत व कठीण होत गेली, तर परत फार मंद आहे. कारण पुढचा दगड येण्यापूर्वीं स्प्रिंग वर येत नाहीं. एका वेळीं एकच बदल करावा, त्याच वाटेवर पाहावा व वहींत टिपावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कोणाचा व दोष कोणाचा, हें कळत नाहीं.

आतां बिघाड. बैठक रोज वाढत असेल, तर हवा गळते. व्हॉल्व्हवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे. दांड्यावर तेलाचा पातळ लेप असणें ठीक. परंतु तेल ठिबकूं लागल्यास सील गेलें. दाबतांना आंत गुळगुळ आवाज येऊन आरंभीं विरोध लागत नसेल, तर तेलांत हवा मिसळली आहे. खोगीर हळू उचलतांना चाक उठण्यापूर्वीं खट् असा हादरा लागला, तर एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहावें. कोठें तरी बुश झिजलेलें असतें. पुष्कळ वेळां शॉकअपास दोष दिला जातो आणि अपराधी निघतो तो एखादा सैल बोल्ट.

आपल्या काळ्या मातीचा चिखल सीलाचा वैरी आहे. तो ओल्या फडक्यानें पुसावा. पाण्याचा जोराचा फवारा सांध्यांवर मारूं नये. शॉकअपांतील हवेचा दाब मोठा असतो. तो उघडण्याचें काम जाणत्या कारागिराचें आहे. दबून तसाच अडकलेला शॉकअप घरीं मुळींच उघडूं नये. त्याचे भाग वेगानें उडून गंभीर इजा होऊं शकते.

पालकांस एकच विनंति. दिखाऊ स्प्रिंगपेक्षां चांगले ब्रेक व उत्तम शिरस्त्राण यांवर पैसा आधीं खर्चावा. नरनाळ्याचा डोंगर मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत आहे व चिखलदऱ्याच्या घाटांत मोटारी धांवतात. हीं शर्यतीचीं स्थानें नव्हत. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, यंत्र आपलें दुखणें आधीं आवाजानें, मग हादऱ्यानें सांगतें. जो तें पायथ्याशींच ऐकून घेतो, त्यास उतारावर ऐकावें लागत नाहीं.