समुद्रातला फॉस्फरस मोजायला पैसे कोण देतं?

फोनची बॅटरी ९० टक्के असली तरी रॅम भरली की फोन हँग होतोच ना? समुद्राचंही काहीसं तसंच आहे. ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण फॉस्फरस संपला की प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ अडते.

फॉस्फरस चक्र म्हणजे काय?

डीएनए असो, पेशीला ऊर्जा देणारा एटीपी असो, फॉस्फरस लागतोच. काही जिवाणू नायट्रोजन हवेतून घेतात. फॉस्फरसची मात्र तशी सोय नाही. तो खडक झिजून नद्यांमधून आणि थोडा धुळीतून समुद्रात येतो. प्लवक तो वापरतात, मेल्यावर खाली बुडतात आणि खोल पाण्यात मोकळा झालेला फॉस्फरस हळूहळू पुन्हा वर येतो. हेच प्लवक कार्बन डायऑक्साइडही शोषतात, म्हणून हवामानाचा अंदाज बांधायला हे चक्र समजणं गरजेचं आहे.

मग खर्च कुणाचा?

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर ‘स्टेशन अलोहा’ आहे. १९८८ पासून तिथे साधारण दर महिन्याला जहाज जातं आणि वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी तपासलं जातं. यासाठी मुख्य आधार अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे सरकारी पैशाचा. २०१४ मध्ये सायमन्स फाउंडेशन या खासगी संस्थेने इथल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासासाठी ४ कोटी डॉलर जाहीर केले. ‘मूर्स लॉ’वाले, इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर आठवतात? त्यांच्या फाउंडेशननेही समुद्री सूक्ष्मजीवांच्या संशोधनाला पैसा पुरवला आहे.

मिळालं काय?

इथल्या पृष्ठभागाच्या पाण्यात फॉस्फेट इतकं कमी असतं की नेहमीच्या पद्धतीने ते नीट मोजताच येत नव्हतं. १९९२ मध्ये ‘मॅजिक’ नावाची पद्धत आली. यात मॅग्नेशियमच्या साक्याबरोबर फॉस्फेट खाली बसवून गोळा करतात. २००८ मध्ये आणखी एक कोडं सुटत गेलं. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यात मिथेन येतो कुठून? फॉस्फेट मिळेना, की काही जिवाणू मिथाइलफॉस्फोनेट हे संयुग फोडून त्यातला फॉस्फरस घेतात आणि मिथेन बाहेर पडतो. म्हणजे फॉस्फरसची टंचाई थेट हरितगृह वायूशी जोडलेली निघाली!

खरी अडचण

संशोधनाचं अनुदान बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षांचं असतं. समुद्रातले बदल मात्र दशकांत दिसतात. मध्येच पैसा थांबला तर? फोनचे फोटो क्लाउडवरून परत मिळतील, पण न मोजलेल्या महिन्याचं पाणी परत मिळत नाही.

आपल्याकडेही गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून अशाच नोंदी घ्यायला सुरुवात केली. अलोहाची आकडेवारी तर इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत आहे. विज्ञानाची आवड असेल तर एकदा उघडून बघाच.