भाटीची लघवी गळते : दोष ऑपरेशनचाच का?

हडपसरच्या सोसायट्यांमधल्या भाट्या सांभाळणारे, त्यांचं ऑपरेशन करून घेणारे बरेच जण आज इथे आहेत. आम्हाला हमखास येणारा प्रश्न असा : "डॉक्टर, ऑपरेशन झाल्यापासून ही कुठेही ओलं करते. त्यामुळेच ना?" उत्तर चुकलं की दोन गोष्टी होतात. या भाटीला घराबाहेर काढतात आणि पुढच्या भाटीचं ऑपरेशन टाळतात.

हा समज मुळात कुत्र्यांवरून आलाय. कुत्रीची बीजकोषं काढली की इस्ट्रोजेन कमी होतं, मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि झोपेत लघवी गळते. भाटीत मात्र हे क्वचितच घडतं. म्हणून तिच्यात आधी दुसरी कारणं शोधायची.

पहिला प्रश्न : ती लघवी 'करते' की तिची 'गळते'? बसून गादीवर केली, तर ते गळणं नव्हे. मूत्राशयाचा दाह, ताण, अस्वच्छ लिटर ट्रे, नाहीतर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. झोपून उठल्यावर जागा ओली, शेपटीखालचे केस ओले, आणि तिला पत्ताच नाही, हे खरं गळणं. झोपायच्या जागी पांढरं फडकं घाला, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आमचं निम्मं काम होतं.

मग तपासणी. लघवीची तपासणी आणि कल्चर, सोनोग्राफी, कमरेचा एक्स-रे, मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची रक्तचाचणी. लहानपणापासून गळत असेल तर मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असू शकते. तिथे शस्त्रक्रिया लागते. ऑपरेशननंतर लगेच सुरू झालं असेल, तर मूत्रवाहिनीला इजा झाली आहे का, हेही पाहायलाच हवं. ही शक्यता दुर्मिळ आहे, पण झाकून ठेवायची नाही.

रस्त्यावरच्या मांजरांत एक कारण विसरू नका : गाडीखाली शेपटी सापडून ओढली जाणं. शेपटी लुळी पडते, मूत्राशयाच्या नसा दुखावतात, ते तुडुंब भरतं आणि थेंब थेंब गळतं. इथे पोट हलक्या हाताने दाबून दिवसातून काही वेळा लघवी काढावी लागते. हे डॉक्टरांकडून शिकूनच करा. नसा सुधारायला महिनाभर तरी द्या, दोन दिवसांत हात टेकू नका.

स्नायूच सैल आहे असं ठरलं, तर फेनिलप्रोपॅनोलअमाइन हे औषध देता येतं. पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतील. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावर बेततं. आणि गळतंय म्हणून पाणी कधीच तोडू नका.

शेवटचं. बोका असो वा भाटी, सारखी कुंथते पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.