मोटारीचे वायपर : मृगापूर्वींची एक घरगुती दुरुस्ती

मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक जाणता शेतकरी वखर, पाभर आणि फवारणीचा पंप तपासून ठेवितो. आतां दिंडोरी तालुक्यांत पुष्कळांच्या खळ्यावर आणखी एक साधन उभें असतें, तें म्हणजे माल नेणारी मोटार. तिच्या काचेवरील पाणी पुसणारीं जीं दोन पातीं, ज्यांस आपण वायपर म्हणतों, त्यांजकडे मात्र पहिला पाऊस पडेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखकाचेंही गेलें नव्हतें.

गेल्या आषाढांत पंचवटीच्या बाजार आवारांत कोथिंबीर उतरवून रात्रीं परत येत असतां म्हसरूळ सोडल्यावर पावसानें गांठलें. वायपर चालूं केले, तों काच स्वच्छ होण्याऐवजीं तिजवर दुधासारखी साय पसरली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनीं ती उजळून निघाली आणि कडेनें चाललेला सायकलस्वार अगदीं पुढ्यांत येईपर्यंत दिसला नाहीं. ईश्वरकृपेनें तो वांचला. परंतु पुढें अर्धा तास गाडी हांकण्याचा मला धीर झाला नाहीं.

सकाळीं दोष उघड झाला. द्राक्षबागेच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे तुषार व धूळ बसते; तशांत उन्हाळ्याच्या उन्हानें रबर वाळून त्याची धार चिरते. असें रबर पाणी ओढून नेत नाहीं, तें फांसतें.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. काचेवर बारीक रेघा राहिल्यास धारेस खांच पडली आहे किंवा कचरा अडकला आहे, असें समजावें. पातें थरथरत चालल्यास काच तेलकट आहे अथवा दांडा किंचित् पिळला आहे. मध्यें एखादा पट्टा पुसला न गेल्यास पातें वांकलें आहे किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. पातीं मुळींच हललीं नाहींत, तर प्रथम फ्यूज पाहावा. यंत्राचा आवाज येत असून पातें हलत नसेल, तर दांड्याच्या बुडाचा नट तपासावा.

आरंभींच खर्च करूं नये. काच व रबर साबणाच्या पाण्यानें धुवून धार ओल्या फडक्यानें पुसावी. रॉकेल किंवा पेट्रोल लावूं नये. त्यानें रबर खराब होतें. एवढ्यानें न भागल्यास पातें बदलावें.

त्यापूर्वीं दोन्ही पात्यांची लांबी मोजावी, कारण पुष्कळ गाड्यांत चालकाच्या बाजूचें पातें अधिक लांब असतें. दांडा उभा करून काचेवर जाड गोणपाट अंथरावें. ही गोष्ट गौण मानूं नये. पातें काढलेला दांडा स्प्रिंगच्या जोरानें निसटून आदळल्यास काच तडकते आणि रबराच्या किमतीच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो. दांड्याचें टोंक आकड्याचें असेल, तर मधील खटका दाबून पातें दांड्याच्या बुडाकडे सरकवावें म्हणजे तें सुटतें. नवें पातें उलट दिशेनें ओढून खटका लागेपर्यंत बसवावें. सांगाडा चांगला असल्यास नुसतें रबरही बदलतां येतें; मात्र जुन्या रबरांतील पोलादी पट्ट्या, त्यांचा बांक न मोडतां, नव्यांत घालाव्या. शेवटीं दांडा हातानें हळूच टेकवावा व काचेवर पाणी ओतून चाचणी घ्यावी. कोरड्या काचेवर वायपर कधींही चालवूं नयेत.

१९०३ सालीं अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंनीं आंतून हातानें फिरविण्याच्या वायपरचें पेटंट मिळविलें. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०१ अन्वयें वायपर यंत्रशक्तीनें चालणारा व कार्यक्षम असणें आवश्यक आहे.

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें नोंदीची संवय सुटत नाहीं. रबर बदलल्याची तारीख मी गाडीच्या कागदांत लिहून ठेवितों आणि रोहिणी नक्षत्रांत पाभरीच्या फणांबरोबर वायपरही पाहतों. वाचकांनींही तसें करावें. पिकाची काळजी आपण आपल्यासाठीं घेतों. काचेची काळजी रस्त्यावरील अनोळखी वाटसरूसाठीं घेणें, हें आपलें कर्तव्य होय.