मीठ घाट चढून येतं

खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून पान्यापर्यंत सगळं पुसून पूजेला मांडतात. गल्लीतल्या एका पोराने यंदा त्या रांगेत आपलं मासेमारीचं रीळही मांडलं आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "मामा, फिरायलाच तयार नाही बगा. समुद्राचं म्हणून दुप्पट पैसे घालून घेतलोय."

शेवटचं वापरलं कधी? मे महिन्यात, तेरेखोलच्या खाडीवर, एकच दिवस. आल्यावर धुतलंस का? "पुसून ठेवलोय की. आनी आपण घाटावर. हितं कसलं आलंय खारं वारं?"

हे वाक्य मी दर दसऱ्याला ऐकतो. माणूस बदलतो, रीळ बदलतं, वाक्य तेच. जांबोटी-चोर्ल्यावरून पहाटे गोव्यात उतरायचं, रात्री बेळगुंदीत परत यायचं, आणि घाट चढला की समुद्र मागे राहिला असं समजायचं. बेळगुंदीपासून समुद्र सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर तरी आहे, तेव्हा खारं वारं इथवर पोचत नाही, मान्य. पण मीठ येतं. तुमच्याच गाडीतून, तुमच्याच पिशवीतून, रिळाच्या पोटात बसून येतं.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. रिळात चमचाभर पाणी अडकून वाळलं, तर पावणेदोनशे मिलिग्रॅम मीठ मागे राहतं. पोरगा म्हणतो, "वाळलं न्हवं? मग झालं." नाही झालं. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडून बघ. आई त्यात तांदळाचे दाणे उगाच टाकते का? मीठ हवेतलं पाणी ओढतं. किती दमटपणाला ओढतं, हेही मोजलेलं आहे. लुईस ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियतकालिकात अशा क्षारांचे आकडे छापले. २५ अंश सेल्सियसला साध्या मिठाचा आकडा ७५.३ टक्के. म्हणजे हवेची सापेक्ष आर्द्रता त्याच्या वर गेली, की कोरडं मीठ आपोआप विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याचा आकडा जेमतेम ३२.८. खडेमीठ पुडीतल्या मिठापेक्षा लवकर पाझरतं ते त्यामुळेच.

आता बेळगुंदीचा पावसाळा आठवा. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापड मऊ पडतो. जूनपासून पुढे तीन-चार महिने हवा त्या ७५ टक्क्यांच्या वरच असते म्हटलं तरी चालेल. आणि नेमक्या त्याच महिन्यांत रीळ कपाटात पडून असतं. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जूनपासून ६१ दिवस बंदी असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती लागू नसली, तरी खवळलेल्या समुद्रापुढे तोही घरीच बसतो. म्हणजे मे महिन्यात मीठ आत घेतलेलं रीळ सगळा पावसाळा ओल्या मिठात मुरत पडतं, लोणच्याच्या फोडीसारखं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पाण्यात बुडालेल्या लोखंडापेक्षा, पाण्याचा पातळ थर चढलेलं लोखंड जास्त वेगाने गंजतं, कारण त्या थरातून प्राणवायू सहज पोचतो. कोणत्याही जेट्टीचे लोखंडी खांब बघा. कायम पाण्याखाली असलेला भाग बरा असतो, लाटांचे शिंतोडे उडतात तिथे पापुद्रे सुटलेले असतात. तुमचं रीळ तेरेखोलला फारसं गंजलंच नाही. ते बेळगुंदीत गंजलं.

"पण पुसलोय की मी!" पुसलं ते बाहेरून. हे फ्लाय फिशिंगचं रीळ. या प्रकारात गळाला पिसांची हलकी माशी बांधतात, तिला स्वतःचं फारसं वजन नसतं, म्हणून फेकीला जोर यायला दोरच जाड आणि वजनदार लागतो. त्या दोरामागे शंभर-दीडशे मीटर विणलेला बारीक दोरा असतो, त्याला बॅकिंग म्हणतात. मोठा मासा दोर ओढत सुटला, की हे बॅकिंग पाण्यात जातं आणि सुताच्या वातीसारखं पाणी पिऊन परत येतं. मग ते रिळाच्या गाभ्याला घट्ट गुंडाळलं जातं. तिथे फडकं पोचत नाही, ऊनही पोचत नाही. मी त्या पोराचं बॅकिंग सोडवलं, तर खाली गाभ्यावर पांढऱ्या भुकटीची साय धरलेली.

"ॲल्युमिनियमला गंज लागत नाही" हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. तांबडा गंज लागत नाही एवढंच खरं. आपल्या आज्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, डब्यात लोणचं का ठेवत नव्हत्या? चांगल्या रिळावर ॲनोडायझिंग केलेलं असतं. तो थर म्हणजे ॲल्युमिना, बेळगावच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढतात तोच पदार्थ. थर अखंड आहे तोवर उत्तम. पण रीळ खडकावर घासलं, ओरखडा पडला, की मिठाला दार उघडं. त्यात ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू असेल आणि मध्ये खारं पाणी, तर दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रू असा चिकटतो, की उद्यमबागेतल्या कसलेल्या फिटरलाही घाम फुटावा.

यावर काहीजण शहाणपणाने सांगतात, "माझं सीलबंद आहे." सील असतं ते ड्रॅगला, म्हणजे ब्रेकच्या चकत्यांना. हँडलचा दांडा, स्क्रू आणि बॅकिंग उघड्यावरच असतात. उन्हात तापलेलं रीळ गार पाण्याच्या बादलीत बुडवलं, की आतली हवा आकसते आणि जीर्ण रबरी कडीशेजारून पाणी आत खेचते. गाडी धुवायच्या पंपाने फवारा मारणारे तर मीठ स्वतःच्या हाताने आत ठोसतात.

धुवायचं ते असं. घरी पोचल्यावर, त्याच रात्री. दोर गुंडाळलेली चकती काढायची, दोर आणि बॅकिंग सोडवून गोड्या पाण्यात भिजत घालायचं. धातूच्या भागांवर साधी संथ धार सोडायची, हँडलच्या बुडाशी जुना दातांचा ब्रश फिरवायचा. रात्रभर वाळवायचं. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. ड्रॅग सैल करायचा, म्हणजे ब्रेकच्या चकत्या दबून राहत नाहीत. आणि ओलं रीळ त्याच्या देखण्या पिशवीत घालून चेन लावायची नाही. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीनंतर तर हे सगळं दोनदा करावं, असं माझं मत.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा देत नाही. डब्ल्यूडी-४० मारलं की तेलपाणी झालं? ते १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातलं डब्ल्यूडी त्याचंच. पाणी ते हटवतं, पण बेअरिंगमधलं ग्रीसही पातळ करून वाहून नेतं. खोबरेल? बेळगावच्या थंडीत बाटलीत गोठतं, रिळात काय वेगळं होणार. चुंबक चिकटलं म्हणजे बनावट स्टेनलेस? बेअरिंगला लागणारं कडक ४४०सी स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच, आणि मिठापुढे ताटवाटीच्या ३०४ पेक्षा लवकर हारही मानतं. स्क्रू घ्यायचे तर ३१६ चे, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं.

विकत घेताना "ड्रॅग किती किलोचा?" हा पहिला प्रश्न असतो. दोराच्या टोकाचा तंगूस तुटतो आठ किलोला आणि ड्रॅग पंधरा किलोचा, त्याचं काय लोणचं घालायचं? ड्रॅग लावायचा तंगुसाच्या ताकदीच्या चौथाईवर, फार तर तिसऱ्या हिश्श्यावर. चोणक किंवा तांबोशी पहिला हिसका देते तेव्हा चकती न अडखळता सुटते का, हे हाताने ओढून बघा. गाभा मोठा घ्या. या रिळाला गिअर नसतात, हँडलचा एक फेरा म्हणजे चकतीचा एक फेरा. आठ सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्यावर एका फेऱ्यात पंचवीस सेंटिमीटर दोर येतो, चारच्या गाभ्यावर त्याच्या निम्मा. मासा तुमच्याकडेच धावत सुटला, की हा फरक कळतो.

त्या पोराचं बेअरिंग बदलून झालं. नंबर त्याच्या कडेलाच कोरलेला असतो, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. चकती आता फिरते. हँडलचा स्क्रू मात्र चार दिवस तेलात भिजवूनही अजून निघालेला नाही.