घोडी पुढे, गाडा मागे

चाकणला शनिवारी गुरांचा बाजार भरतो. शर्यतीचा खोंड घ्यायला आलेला माणूस आधी दात बघतो. दुधाचे दात शाबूत असतील तर तो 'आदत', दोन पडून नवे आले की 'दुसा'. मग छाती, खुरं, शेपटी. नांगराला चालतो का, हे कुणी विचारत नाही. पळतो का, एवढंच.

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात पळणं म्हणजे घाटात पळणं. घाट म्हणजे यात्रेच्या गावाबाहेरची जराशी चढाची धावपट्टी. निमगावच्या खंडोबाचा घाट त्यातला नामांकित. गाडा हलका, बैल चार : दोन गाड्याला, दोन त्यांच्यापुढे. साताऱ्या-सांगलीकडे छकड्यावर हाकणारा बसतो. इथे गाड्यावर कुणीच नसतं. बैलांना ओढून नेते ती स्वाराला घेऊन पुढे पळणारी घोडी. सगळी बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते आणि नंबर घड्याळावर ठरतो. घोडी जरा आधी सुटली तर बैलांच्या नजरेतून जाते, उशिरा सुटली तर चार बैल तिच्या अंगावर येतात. पाहणारे बैलांची नावं घेतात. मला विचाराल तर खरी कसरत स्वाराची आणि घोडीची.

म्हणूनच खोंड तयार करायचा म्हणजे त्याला घोडीच्या मागे लागायला शिकवायचं. नवख्याला एखाद्या मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात, पल्ला आखूड ठेवतात, दम वाढावा म्हणून पाण्यात पोहवतात. मधले दिवस नुसती विश्रांती. घाई केली की खोंड बुजतो, आणि बुजलेल्याला परत घाटात उभं करणं महाकठीण.

हे सगळं पोसायचं कशावर? चिखली, मोशी, चऱ्होली ही गावं 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. चाकणच्या माळावर 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला. जमिनी गेल्या, कुठे दहा-वीस गुंठे उरले. त्यात मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर; एका कडेला कडवळ आणि लसूणघास. जुड्या बाजारात जातात, फ्लॉवरचा पाला गोठ्यात येतो. भाजीच्या पैशातून पेंड सुटते असं सांगायची पद्धत आहे. खरं म्हणजे ती बऱ्याचदा चाळीच्या भाड्यातून सुटते, पण वाफा मोडवत नाही.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. बंदी आभाळातून पडली नव्हती. बॅटरीचे शॉक, खिळे, शेपट्या चावणं हे घाटात चालायचं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. राज्याने 2017 साली शर्यतींना मुभा देणारा कायदा केला, तरी परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. साडेसात वर्षं. बंदीच्या वेळी आदत असलेला खोंड तोवर उतरणीला लागलेला होता. त्याने घाट पाहिलाच नाही. पुढे 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. आता धाव 1000 मीटरच्या आत, काठी-शॉक बंद, पशुवैद्यकाचा दाखला हवा.

मे 2022 मध्ये चिखलीच्या जाधववाडीत मोठी शर्यत भरली. बक्षिसांत जेसीबी, बोलेरो! ज्या यंत्राने इथली शेतं सपाट केली, तेच बैलांनी जिंकून आणायचं. जेसीबीचा कारखानाही जवळच, तळेगावला. घाटात त्यावर हसणारं कुणी नव्हतं. एवढ्या मोठ्या बक्षिसापुढे कोण हसणार?

गाडा कुणाचाही पहिला येवो, गुलाल बैलांवर पडतो. घोडीला घाम पुसून सावलीत बांधतात, आणि घरी गेल्यावर भिजवलेले हरभरे. हंगाम असला तर वाफ्यातली चार गाजरंही.