कोंबडी मान टाकून बसली तर काय करावे?



उसाचे बिल कारखान्यातून मिळते, पण मीठमिरचीचे आणि पोरांच्या वह्यांचे पैसे पुष्कळ घरांत खुराड्यातूनच निघतात. बैलाने वैरण सोडली की आपण डॉक्टरकडे धावतो. कोंबडीने दाणा सोडला की मात्र, "एका कोंबडीचं काय एवढं?" म्हणून सुरी शोधतो. हे बरोबर नाही. वेळीच लक्ष दिले तर ती कोंबडी वाचू शकते, कधी कधी सारे खुराडेही वाचते.

पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी आजारी समजावी. अंगाला हात लावून ताप ठरवू नये. निरोगी कोंबडीचेच तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, ती हाताला नेहमी गरमच लागणार.

पहिले काम म्हणजे तिला वेगळ्या डालीखाली, उबेला व कोरड्या जागी ठेवणे. खाली गोणपाट किंवा कागद घालावा, म्हणजे शीट नीट दिसते. मग दोन गोष्टी पाहाव्यात.

१) गळ्याखालची पिशवी. छातीच्या वर, उजव्या अंगाला कोंबडीची दाण्याची पिशवी असते. रात्री ती भरलेली असते आणि सकाळी दाणा टाकण्यापूर्वी रिकामी झालेली असते. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर आत काहीतरी अडकले आहे. लांब गवत, सुतळी किंवा पाचटाचे तुकडे गिळले की असे होते. अशा वेळी दाणा बंद करावा. चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी द्यावे व पिशवी बोटांनी हलकेच चोळावी. घशात पाणी ओतू नये, कारण श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. उलटी टांगून पिशवी रिकामी करण्याचा उद्योगही करू नये, त्यात जीव गुदमरतो. एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. जरूर तर ते छोटी चीर देऊन पिशवी मोकळी करतात.

पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असून तोंडाला आंबूस वास येत असेल, तर आतले अन्न आंबले आहे. अशा कोंबडीला साखरेचे पाणी मुळीच देऊ नये. साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहावे लागते खरे, पण साखरेने आंबणे वाढते!

२) शीट. रक्तमिश्रित शीट, विशेषतः ओलसर जागेतल्या पिलांत, ही बहुधा रक्ती हगवण असते. तिच्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. जनावरांचे उरलेले औषध अंदाजाने पाजू नये. औषध चालू असताना व नंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, तेही विचारून घ्यावे. हिरवट पातळ शीट, धाप आणि मान वाकडी होणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे होत. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावावरून हे नाव पडले. या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात लासोटा लशीचा थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लशीचे इंजेक्शन. ही लस पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते.

एकच कोंबडी आजारी असेल तर दोष बहुधा खाण्यात असतो. कोंबडी मळीच्या डबक्यावर किंवा औषध फवारलेल्या फडात गेली होती का, ते आठवावे. एकापाठोपाठ दोन-तीन पडल्या तर मात्र साथ समजावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून आजारी कोंबडी कापून खाऊ नये, बाजारात नेऊ नये, शेजारी देऊ नये. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत.

कोंबडी सावरू लागली की भिजवलेल्या कण्या किंवा मऊ भात थोडा थोडा द्यावा. कोंबडीला दात नसतात. पोटातली जाड पिशवीच जात्याचे काम करते, आणि त्यासाठी बारीक खडे लागतात. ते व स्वच्छ पाणी परसात नेहमी असू द्यावे.

सकाळी खुराडे उघडताना प्रत्येक कोंबडीवर एक नजर टाकावी. या सवयीला पैसा लागत नाही.