सुरू होऊन बंद पडणारी मोटार

सकाळीं किल्ली फिरवावी, इंजिनानें दोनचार वेळां खोकून कसाबसा सूर धरावा, आणि गाडी फाटकाबाहेर काढून पाय उचलतांच तिनें मान टाकावी, हा अनुभव मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांना नवा नाहीं. मग शेजारचे एक गृहस्थ बॅटरीला दोष देतात, दुसरे पेट्रोलला. गॅरेजांत एकामागून एक भाग बदलले जाऊन बिल वाढत जातें, आणि चौथ्या दिवशीं गाडी पुन्हां त्याच फाटकापाशीं उभी राहते. येथें औषध आधीं व निदान मागाहून, असा उलटा क्रम झालेला असतो. निदानाचें निम्में साधन तर मालकाजवळच असतें. गाडी नेमकी केव्हां बंद पडते, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला योग्य प्रमाणांत हवा व पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि आंत पुरेसा दाब, एवढेंच हवें असतें. एक भाग पेट्रोलला वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें प्रमाण ज्वलनाला बरोबर बसतें. परंतु इंजिन गार असतांना पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं; त्याचा बराच अंश थंड धातूला चिकटून राहतो. म्हणून त्या वेळीं पेट्रोल अधिक द्यावें लागतें. मुंबईत २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या पद्मिनी गाडींत हें काम चोक करीत असे. चालक तो ओढी, हवेची वाट आवळली जाई आणि मिश्रण दाट होई. आजच्या गाड्यांत तें काम संगणकाकडे आहे, आणि तो इंजिनांतील पाण्याची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरवर विसंबून असतो. गार इंजिन तापलेलें आहे, अशी खोटी बातमी या सेन्सरनें दिली, कीं संगणक पेट्रोलचा हात आखडता घेतो. अशी गाडी सकाळीं रडते आणि दुपारीं मात्र विनातक्रार धावते.

खरा घोटाळा होतो तो पाय उचलल्यानंतरच्या मंद गतीच्या वेळीं. गॅरेजांत तिला आयडलिंग म्हणतात. तेव्हां इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असतें. हवेच्या वाटेवरील थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि सारा श्वास एका बारीक फटीतून चालतो. त्या फटीभोंवतीं काजळी सांचली, कीं इंजिन गुदमरतें. उलटपक्षीं, थ्रॉटलच्या पलीकडील एकादी रबरी नळी चिरली असेल, तर तेथून चोरटी हवा आंत शिरते आणि मिश्रण पातळ होतें. भरधाव इंजिन इतकी हवा ओढीत असतें, कीं त्यांत ही चोरटी हवा नगण्य ठरते; मंद गतींत मात्र तीच घातक होते. रेस दिली असतां गाडी सुरळीत चालते आणि पाय काढतांच मरते, असें असेल तर प्लग बदलण्यापूर्वीं थ्रॉटल साफ करून घ्यावा व नळ्या तपासाव्या. फुसफुस असा आवाज ऐकूं येतो कां, हें पाहावें. गॅरेजांत यंत्रानें धूर सोडूनही चीर सांपडते. तापल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून चीर शोधण्याची कांहीं मिस्त्रींची रीत घरीं कोणीं करूं नये. विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलची चकती बोटानें रेटूं नये, आणि सफाईनंतर संगणकाला ती नव्यानें ओळखवून द्यावी, नाहींतर रेस चढलेली राहते.

इंजिन अडखळत, धक्के देत चालत असेल, म्हणजेच मिसिंग होत असेल, तर ठिणगीकडे वळावें. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी पेट्रोलचा अतिरेक दाखविते. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडींत एक फुकटची परीक्षा आहे. संशयित कॉइल शेजारच्या जागीं लावून पाहावी. दोष तिच्याबरोबर तेथें गेला, तर कॉइलच गुन्हेगार.

पेट्रोलची परीक्षाही घरबसल्या होते. किल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ती सेल्फच्या अलीकडच्या टप्प्यावर आणली, कीं मागच्या आसनाखालून पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकूं येते. ती दोनतीन वेळां होऊं देऊन मग सेल्फ मारल्यास गाडी झटक्यांत सुरू होत असेल, तर रात्रभरांत नळींतला दाब उतरतो असें समजावें. टांकी भरल्यावरच गाडी कुरकुरत असेल, तर टांकीतील वाफ इंजिनाकडे सोडणारी पर्ज व्हॉल्व्ह नांवाची झडप उघडी राहिलेली असण्याचा संभव मोठा. भारतांत २०२५ सालीं पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोहोंचलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टांकींत हें विसरून चालत नाहीं.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर संगणकांतील कोड वाचून घ्यावा, पण त्याचा अर्थ नीट लावावा. पी०१७१ हा कोड मिश्रण पातळ असल्याचें सांगतो. त्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणें म्हणजे ताप दाखविला म्हणून थर्मामीटर फेंकून देणें होय.

राहिला सर्वांत धोक्याचा प्रकार. तापलेली गाडी चालतां चालतां एकाएकीं बंद पडते आणि अर्ध्या तासानें, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी, सुरू होते. यांत पुष्कळदां क्रँकशाफ्टचा सेन्सर दोषी असतो. तो तापला कीं मुका होतो. इंजिन थांबलें म्हणजे सुकाणूं जड होतें आणि ब्रेकला मिळणारी मदत एकदोन वेळां दाबण्यापुरतीच उरते. अशा वेळीं ब्रेक वारंवार न सोडतां एकाच दमांत जोरानें दाबून ठेवावा, सुकाणूं अडकेल अशी किल्ली फिरवूं नये, आणि गाडी कडेला घ्यावी. बोरघाटासारख्या उताराच्या तोंडाशीं हें घडलें असेल, तर पुन्हां सुरू झालेल्या इंजिनावर भरंवसा न ठेवतां टोचन मागवावें.